वऱ्हाडातील मालवाहू गाड्या : इंजिन आणि पाटे

रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेतून नावांनी कलकत्त्याला. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि लांबची वाहतूक रेल्वेने उचलली. शेतापासून अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंतचा टप्पा मात्र बैलगाडीकडेच राहिला.

या गाडीला लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव आणि साटीखाली थेट आख असे, स्प्रिंग नाहीच. कापसाला हादऱ्यांचे सोयरसुतक नव्हते, म्हणून ही रचना पिढ्यानपिढ्या टिकली. पुढे हवेचे टायर लावलेली ‘डनलॉप गाडी’ आली. बैल तेच, जू तेच, पण माल आणि रस्ता यांच्यामध्ये प्रथमच हवा आली. काळ्या मातीत रुंद टायर कमी रुतत आणि त्याच जोडीला जास्त ओझे ओढता येई. हवेच्या सस्पेन्शनचा विचार ट्रकपासून सुरू करण्यापेक्षा येथून सुरू करणे अधिक योग्य ठरेल.

मोटारगाड्यांत इंजिन बदलण्याचा इतिहास मात्र जीपशी बांधलेला आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. या जीपचे इंजिन पेट्रोलचे होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. तेव्हा कंपनीनेच आपल्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. १९८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीत बनणारे इंजिन आले. कारखान्याने दाखवलेली वाट गॅरेजांनीही धरली आणि जुन्या पेट्रोल जीपांत डिझेल इंजिने बसू लागली.

हे काम केवळ चार बोल्टांचे नसते. नव्या इंजिनासाठी चेसीसवर माउंटिंग वेल्ड करावे लागते. बेलहाऊसिंग आणि गिअरबॉक्स जुळले नाहीत तर मधे अडॅप्टर प्लेट लागते, गिअरबॉक्सची जागा सरकली की प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करावा लागतो, शिवाय रेडिएटरही पुरेसा हवा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, म्हणून पुढचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, दबतात. त्यांत एखादा पाटा वाढवला की गाडी उभी राहते, पण चाल कडक होते. ब्रेक जुनेच ठेवले तर सारा खटाटोप धोक्याचा. हौशी मालकाला इंजिन दिसते, ब्रेक दिसत नाहीत.

मालाला बसणाऱ्या हादऱ्यांचा प्रश्न उरतोच. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला बसलेला मार पेटीत दिसत नाही. तो बाजारात, फळ सडू लागल्यावर दिसतो. १९८६ चा टाटा ४०७ आणि २००५ चा टाटा एस, म्हणजे ७०२ सीसीचा ‘छोटा हत्ती’, या दोघांनीही मागे पाटेच ठेवले. पाटे स्वस्त, दणकट आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्त होणारे. मात्र पूर्ण ओझ्यासाठी जुळवलेले पाटे रिकाम्या गाडीला उडवतात. हवेच्या सस्पेन्शनमध्ये पाट्यांऐवजी असणाऱ्या फुग्यांत ओझ्याप्रमाणे दाब वाढवता येतो, त्यामुळे भरलेली आणि रिकामी गाडी एकाच उंचीवर ठेवता येते. २००१ पासून व्होल्वोच्या बसनी ही सोय भारतात लांबच्या प्रवासाला रुजवली. छोट्या पिकअपला एअर ब्रेक नसतात, म्हणजे दाबलेल्या हवेची सोय नसते, त्यामुळे फुग्यांसाठी वेगळा विजेवरचा कॉम्प्रेसर, टाकी आणि व्हॉल्व्ह लावावे लागतात. वाढवलेल्या दाबाने आखाची वा चेसीसची क्षमता वाढत नाही, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याला मुभा आहे. अमरावतीचा एमएच-२७ असो वा अकोल्याचा एमएच-३०, ज्या पिकअपमध्ये वेगळ्या जातीचे इंजिन बसवायचे आहे तिच्या आराखड्याची सुरुवात परिवहन कार्यालयापासून करावी लागते.