शैक्षणिक स्व-संकल्पनेचे मापन

स्वतःच्या अभ्यासविषयक क्षमतेचे जे चित्र विद्यार्थ्याच्या मनात असते, त्यास शैक्षणिक स्व-संकल्पना म्हणतात. विद्यार्थ्यास काय येते हे परीक्षेतील गुणांवरून कळते. आपल्याला काय येते असे त्याला वाटते, हे स्व-संकल्पनेच्या प्रश्नावलीवरून कळते. ही दोन उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत.

स्वरूप व साधने

स्व-संकल्पना एकसंध नसून बहुअंगी असते, अशी मांडणी रिचर्ड शॅव्हलसन व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये केली. तिच्या आधारे हर्बर्ट मार्श यांनी ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या वयोगटांसाठी स्व-वर्णन प्रश्नावली तयार केल्या. भारतात आर. के. सारस्वत यांची ४८ प्रश्नांची प्रश्नावली परिचित आहे. तिच्या सहा अंगांत शैक्षणिक आणि बौद्धिक ही दोन अंगे आहेत. विद्यार्थी प्रत्येक विधानाला श्रेणीनुसार उत्तर देतो व त्या उत्तरांची बेरीज केली जाते.

तुलनेचा परिणाम

स्वतःविषयीचे मत तुलनेतून घडते. दौंड तालुक्यातील केडगावसारख्या गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा अकरावीसाठी पुण्यातील नामांकित महाविद्यालयात गेला, की भोवती सगळेच पहिले आलेले असतात. त्याचे ज्ञान कमी झालेले नसते, तरी 'आपण सामान्य आहोत' ही भावना बळावते. मार्श यांनी १९८० च्या दशकात या परिणामाला 'लहान तळ्यातील मोठा मासा' या रूपकावरून नाव दिले. दुसरी तुलना विषयाविषयांत होते. गणितात ७५ आणि मराठीत ९० गुण मिळवणारी मुलगी स्वतःला गणितात कच्ची समजू शकते. वर्गातील इतरांना गणितात ६० गुण असले तरीही. देशांची तुलना तर अधिकच फसवी ठरते: जपान व दक्षिण कोरियातील विद्यार्थी आंतरराष्ट्रीय गणित चाचण्यांत अग्रेसर असूनही स्वतःच्या गणिताविषयी फारसा आत्मविश्वास दाखवत नाहीत.

मराठी विधानांतील अडचणी

प्रश्नावलीचे केवळ भाषांतर पुरत नाही. 'गणित येते', 'गणित जमते' आणि 'गणित आवडते' ही तीन भिन्न विधाने आहेत. पहिल्यात कौशल्य, दुसऱ्यात क्षमतेचा अंदाज, तर तिसऱ्यात केवळ रुची आहे. 'हुशार' या शब्दाने मुलांना वर्गातील क्रमांकच आठवतो. 'मला गणित अवघड जात नाही' यावर 'असहमत' अशी खूण करताना दुहेरी नकारामुळे लहान मुले गोंधळतात. वाचन कच्चे असलेली मुले अधिकच. त्यामुळे कमी गुण स्व-संकल्पनेचे की वाचनाचे, हे ठरवणे कठीण होते. शिवाय स्वतःची स्तुती करू नये हा घरचा संस्कार असतो. वर्गशिक्षकच नाव लिहिलेले कागद गोळा करणार असतील, तर प्रांजळ उत्तराची अपेक्षा व्यर्थ आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तीत कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतील रुची पाहिली जाई. रुची म्हणजे स्व-संकल्पना नव्हे. पालक मात्र दोन्हींची सर्रास गल्लत करतात. 'मला जमणार नाही' या समजुतीने विज्ञान शाखा सोडणाऱ्या मुलाचा कल पुढे त्या समजुतीप्रमाणेच दिसू लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन व सहाध्यायींचे मूल्यमापन असावे, अशी शिफारस आहे.