फिल्मची परीक्षा

कापडाचा ताका घेताना गिऱ्हाईक तो उजेडात उलगडून पाहते. तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली धरून पाहते. छायाचित्राची फिल्म हा मात्र बाजारातील असा एक विलक्षण माल आहे की, तो पाहू गेले असता नासतो. डबी उघडून फिल्म उजेडात धरली की तिचे आयुष्य संपले. तिच्यात दोष असेल तर तो चित्र घेऊन, ती धुऊन झाल्यावरच उघडकीस येणार. आणि तोवर ज्याचे चित्र घेतले तो प्रसंग कायमचा निघून गेलेला असणार. म्हणूनच फिल्मच्या दोषांचा इतिहास हा एका अर्थी कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधील विश्वासाचा इतिहास आहे.

या विश्वासाची पहिली मोठी कसोटी १८८२ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे लागली. जॉर्ज ईस्टमन हे त्या वेळी काचेच्या तयार प्लेटी करून विकत असत. एकाएकी त्यांच्या प्लेटी बिघडू लागल्या. ईस्टमन यांनी विकलेला सदोष माल परत घेतला आणि कारखाना बंद ठेवून शेकडो प्रयोग केले. परंतु दोषाचा ठाव लागेना. अखेर इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथील मॉसन आणि स्वान यांच्या कारखान्यात जाऊन त्यांनी त्या विद्येचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा कळले की कृतीत चूक नव्हती. बाहेरून येणारे जिलेटिनच बदलले होते. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला सरस. चांदीचे क्षार यातच मिसळून प्लेटीवर लेप देतात. सरसासारख्या क्षुद्र वस्तूने एवढा अनर्थ का करावा, याचा उलगडा मात्र १९२५ साली झाला. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवून दिले की, मोहरीच्या तेलात असते तशा गंधकयुक्त द्रव्याचा अत्यल्प अंश जिलेटिनमध्ये असला तर लेप प्रकाशाला अधिक संवेदनशील होतो. तो नसला तर मंद राहतो. गुरांनी कोणता चारा खाल्ला, यावर माणसाच्या छायाचित्राची बरीवाईट गती अवलंबून होती!

ईस्टमन यांच्याजवळ कारखाना होता. १९१२ साली मुंबईस दादर येथे धुंडिराज गोविंद फाळके यांच्याजवळ राहते घर तेवढे होते. त्या वर्षी फेब्रुवारीत ते लंडनला गेले, वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटाची कृती त्यांनी पाहिली, आणि विल्यमसन कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये ते परतले. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा छिद्रांवाचूनच विकली जाई. दोन्ही कडांची भोके ज्याची त्याने पाडून घ्यावयाची. याचा अर्थ असा की, फिल्म तयार करण्याचे अखेरचे आणि अत्यंत नाजूक काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडे; आणि त्यातून उद्भवणाऱ्या दोषाबद्दल दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची सोय उरत नसे.

हे काम किती नाजूक आहे, हे थोड्या हिशेबावरून कळेल. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्रास प्रत्येक बाजूस चार भोके, आणि एका फुटात सोळा चित्रे; म्हणजे फुटामागे १२८ भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एवढ्या लांबीच्या एका फितीवरच पावणेपाच लाखांच्या आसपास भोके होतात. सुमारे एक इंच रुंदीचे चित्र दहा फुटी पडद्यावर पडले की ते १२० पट मोठे होते. तेव्हा एखादे भोक इंचाचा शंभरावा भाग जरी सरकले, तरी पडद्यावर हरिश्चंद्र इंचभर उडी मारणार. हे भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत करीत असत. दिवसभर घरचा आणि चित्रपटाच्या मंडळींचा संसार सांभाळून, जी वस्तू डोळ्यांनी पाहता येत नाही ती केवळ बोटांच्या स्पर्शाने यंत्रातून नेणाऱ्या या बाईंचे नाव फिल्मच्या कारागिरांत प्रथम घेतले पाहिजे.

फाळके यांनी मोठ्या चित्रपटाला एकदम हात घातला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे एकेक करून टिपून एक लहानशी फिल्म तयार केली. भांडवलासाठी मित्राची खात्री पटविणे हा तिचा एक उपयोग झालाच. परंतु कॅमेरा, भोके, धुण्याची द्रव्ये आणि खुद्द फिल्म या सर्वांची परीक्षाही तीत होऊन गेली. बिघडला असता तर वाटाणा पुन्हा पेरता आला असता. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला.

साध्या रोल फिल्मच्या बाबतीतही न्याय हाच. डाग दिसला की कारखान्याला दोष देण्यापूर्वी तो डाग वाचता आला पाहिजे. फिल्मच्या लांबीत सरळ गेलेली रेघ बहुधा कॅमेऱ्यातील रुळाने ओरखडल्याची असते. कडेकडेने काळपट धूसरपणा आला तर कोठून तरी उजेड शिरला असे समजावे. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटली तर ती कोरड्या हवेत फिल्म झपाट्याने उलगडताना पडलेल्या विजेच्या ठिणगीची. मागील कागदावरचे आकडे चित्रात उमटले तर उष्णता आणि दमटपणा यांचा संशय घ्यावा, तसाच त्या कागदाचाही. शंका उरलीच तर चित्र न घेतलेला तुकडा वेगळा धुऊन पाहावा. त्यावरही डाग आला तर कॅमेरा सुटला. आणि त्याच द्रव्यात दुसऱ्या डबीतील फिल्म स्वच्छ निघाली, तर धुणाराही सुटला. डबीवरचा घाणक्रमांक जपून ठेवावा तो याचसाठी.

कधीकधी मात्र दोषाचा माग फारच दूरवर जातो. १९४५ साली कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर अकारण ठिपके येऊ लागले. तेथील शास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी शोध घेतला, तेव्हा दोष वेष्टनाच्या पुठ्ठ्यात आढळला. इंडियाना प्रांतात गवतापासून केलेल्या त्या पुठ्ठ्यात किरणोत्सर्गी द्रव्य होते. आणि ते १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटातून वाऱ्याने व पावसाने नदीच्या पाण्यात आले होते. जी गोष्ट सरकारने गुप्त ठेवली होती, ती बिघडलेल्या फिल्मने ओळखली.

फिल्मच्या डबीवर कारखानदाराची एक अट छापलेली असे: माल सदोष ठरल्यास तेवढीच नवी फिल्म मिळेल, याहून अधिक जबाबदारी नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही अट रास्तच म्हणावी लागेल, कारण लग्नातील सप्तपदी किंवा म्हाताऱ्या आजीचा अखेरचा हसरा चेहरा कोणता कारखानदार भरून देणार? पण म्हणूनच ईस्टमन यांनी माल परत घेतला याचे महत्त्व आहे, आणि फाळके यांनी आधी वाटाणा पेरला याचेही. एकाने झालेली चूक पदरात घेतली. दुसऱ्याने ती होण्याची वेळ अशी निवडली की नुकसान झाले तर ते कुंडीपुरतेच व्हावे. त्या कुंडीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाईंच्या हाताखालून जी फीत गेली, तिच्यावर पुढे भारतीय चित्रपट उभा राहिला.