पाठमालेपुढचा विद्यार्थी

पालघर तालुक्यातले सरावली हे गाव आज बोईसरपासून वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. एका अंगाला बोईसरची वस्ती, दुसऱ्या अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत, आणि या दोहोंमध्ये शेते, पाडे, चाळी व नव्या इमारती यांची सरमिसळ. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, त्यापाठोपाठ कारखाने आले आणि कारखान्यांपाठोपाठ माणसे आली. या परिसरात वाढणाऱ्या मुलाला इंग्रजी प्रथम भेटते ती पाठ्यपुस्तकात नव्हे. ती भेटते कारखान्याच्या फाटकावर, टँकरच्या पाठीवर आणि रसायनाच्या पिंपावर चिकटविलेल्या इशाऱ्यात. हा इशारा वाचता येणे वा न येणे ही येथे केवळ परीक्षेतल्या गुणांची बाब नाही.

म्हणूनच एक प्रश्न मनात घोळत राहतो. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे आपण मराठी मुलांना इंग्रजी शिकवीत आहोत. त्यासाठी किती वाचनमाला, व्याकरणे, कोश आणि पाठमाला निघाल्या! त्या प्रत्येकीच्या कर्त्याने लिहिताना आपल्यापुढे कोणता विद्यार्थी बसलेला कल्पिला होता? पुस्तकाचे खरे चरित्र त्या कल्पित विद्यार्थ्यात असते, असे मला वाटते.

आपल्या किनाऱ्यावर हा इतिहास उलट्या दिशेने सुरू झाला, ही गंमत वाचकांना ठाऊक असेलच. इंग्रजी शिकविणाऱ्या इंग्रजाच्या कितीतरी आधी येथे आला तो आपली भाषा शिकणारा इंग्रज. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. परक्याला आपली भाषा यावी म्हणून केलेले ते साधन. त्यात शिकणाऱ्याची स्वतःची भाषा गृहीत धरलेली होती, हे येथे लक्षात ठेवावयाचे.

एकोणिसाव्या शतकात दिशा बदलली. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळापासून शाळा आणि शालेय पुस्तके यांचे काम सुरू झाले. त्या कामाच्या गाभ्याशी एक वाद होता आणि तो आजही मिटलेला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे या मताचे होते. कर्नल जॉर्ज जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांना साथ दिली. इंग्रजी येऊ नये असे शंकरशेटांचे म्हणणे मुळीच नव्हते. सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून न्यावे लागेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही पक्षांना थोडेथोडे दिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि तेव्हापासून इंग्रजीच्या प्रत्येक पुस्तकावर या परीक्षेची सावली पडली ती कायमची.

मराठी चार इयत्ता झाल्या की मुलगा ‘इंग्रजी पहिली’त बसे आणि ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिक. आपल्या आजोबांच्या तोंडी ‘इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो’ असे शब्द असत, ते या हिशेबाने. हातात काय असे? शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या नावाची वाचनमाला आणि सुदैव असेल तर कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. हे ग्रंथ आकाराने व किमतीने शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेरचे. ही अडचण ओळखली ती बाबा पदमनजी यांनी. ‘यमुनापर्यटन’चे कर्ते म्हणून आपण त्यांचे नाव घेतो, पण १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली, हे त्यांचे काम विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कमी मोलाचे नव्हते.

या सगळ्या साधनांत मराठी घरात ज्याने खरे बस्तान बसविले ते पुस्तक म्हणजे तर्खडकरांची भाषांतरपाठमाला. तिचे तीन भाग. प्रत्येक पाठात प्रथम शब्द व त्यांचे मराठी अर्थ, मग एखादा नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी करावयाचे आणि त्यानंतर मराठी वाक्यांचे इंग्रजी. या शेवटच्या पायरीवर भल्याभल्यांची दमछाक होई. वाक्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसे, त्यामुळे मराठी विनोदी लेखनात तर्खडकरी वाक्यांची यथेच्छ थट्टा झाली आहे. थट्टा करणाऱ्या पिढीचे इंग्रजी त्याच पाठमालेवर पोसलेले होते, ही गोष्ट वेगळी.

थट्टेच्या पलीकडे जाऊन त्या पुस्तकाकडे पाहावे. त्याच्यापुढे बसलेला विद्यार्थी मराठी जाणणारा आहे. शिक्षक असलाच पाहिजे अशी त्याची अट नाही. कंदिलाच्या उजेडात एकट्यानेही पुढे जाता यावे अशी पाठांची रचना आहे. मराठी वाक्यातला कर्ता, कर्म, क्रियापद यांची मुलाला अर्धवट असलेली जाण ते पुस्तक पक्की करते आणि मग त्या जाणिवेच्या काठीने त्याला इंग्रजीच्या पाण्यात उतरविते. शेकडो वाक्ये मराठीतून इंग्रजीत नेल्यावर मुलाला इंग्रजीइतकेच मराठीही कळू लागे. हा लाभ कोणी मोजला नाही. दोष होता तो बोलण्याचा. पाठमाला संपविलेला तरुण निर्दोष अर्ज लिही. पण साहेबापुढे उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटे. कारण आधी मराठीत वाक्य जुळवायचे, मग मनातल्या मनात त्याचे भाषांतर करायचे, तोवर साहेब पुढच्या माणसाकडे वळलेला असे.

याच उणिवेवर बोट ठेवून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा’ अशी हाक उठली. मुंबई इलाख्यात तिचा पुरस्कार करणाऱ्यांत शिक्षणखात्यातले एक अधिकारी होते, पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. शिक्षकांसाठी या पद्धतीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. पुढे ते नोकरी सोडून गेले आणि १९२४ साली आलेल्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने जगप्रसिद्ध झाले. आणि तरीही आपल्या देशातली कोट्यवधी मुले रेन यांना ओळखतात ती त्या कादंबरीमुळे नव्हे. थेट पद्धतीमुळे तर नव्हेच. ती ओळखतात ‘रेन अँड मार्टिन’ या जोडनावामुळे, म्हणजे व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकामुळे! १९३० नंतरच्या दशकात आलेले हे पुस्तक मुंबईच्या कूपर प्रकाशनाचे आणि त्याचे हक्क पुढे माणेकजी कूपर शिक्षण न्यासाकडे राहिले. म्हणजे ‘विलायती’ म्हणून आपण ज्याचा धाक बाळगला ते पुस्तक मुळात मुंबईचेच.

आमच्या घरी त्याची एकच प्रत होती. ती तीन भावंडांनी वापरली आणि तिसऱ्याच्या हाती येईपर्यंत तिची पहिली काही पाने गळून गेली होती. पुस्तक उत्तम आहे. नियम स्पष्ट आणि उदाहरणे मुबलक. पण त्याच्यापुढे बसलेला विद्यार्थी इंग्रजी आधीच बोलणारा आहे. त्याची भाषा घासूनपुसून घ्यावयाची आहे, एवढेच. ज्याला भाषाच नाही त्याने तिचे व्याकरण पाठ करावयाचे, हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षे केला. त्यातून कर्मणी प्रयोग आला, पण बसस्थानकावर पत्ता विचारता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजीचा आरंभ पाचवीऐवजी आठवीपासून करण्यात आला. हेतू चांगला होता; मातृभाषेतले शिक्षण पक्के व्हावे हा. परंतु दुसऱ्या बाजूला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा होत्याच. ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने आदेश काढून अशा शाळांतला नवा प्रवेश ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यापुरता आणि परदेशी मुलांपुरता सीमित केला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी २६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश घटनेशी विसंगत ठरविला. निकाल न्याय्यच होता. मात्र त्यानंतरच्या काळात एकाच राज्यात दोन प्रवाह वाहू लागले. एकीकडे बालवर्गापासून इंग्रजी ऐकणारी मुले, दुसरीकडे आठवीत पहिले अक्षर गिरविणारी.

आपला समाज या दोन्ही काठांवर उभा होता. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्यामागे सरकारी नोकरीत आपली ओळख ठसावी हा व्यवहार होता. इंग्रजी ही त्यांची भाकर होती. वसईकडच्या गावांनी मात्र मराठी शाळेची वाट सोडली नाही आणि मराठी वाङ्मयाला लेखक दिले. मुंबईच्या नातेवाइकांच्या मुलांपुढे आपली मुले गप्प बसतात, हे शल्य गावाकडच्या कितीतरी आयांनी उराशी बाळगले. आज मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत त्याची मुळे त्या गप्प बसण्यात आहेत.

आठवीपासून इंग्रजी म्हटल्यावर थोड्या वर्षांत पुष्कळ काही उरकणे भाग होते. त्यासाठी आली संरचनापद्धती. निवडक वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे मांडायच्या, शब्द मोजके ठेवायचे आणि तक्त्यातले शब्द बदलून तीच रचना घोकून घ्यायची. भाषांतर आणि व्याकरण दोन्ही वर्गाबाहेर. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि खेड्यातल्या मुलाच्या हाती स्वस्त, नेटके पुस्तक पडू लागले. ही सेवा लहान नव्हे. पण या पद्धतीने कल्पिलेला विद्यार्थी पोपटासारखा होता, हेही म्हटले पाहिजे. वर्गात खुर्ची दाखवून खुर्चीचे वाक्य येई. खुर्ची हलली की वाक्य हले. मग जी पोकळी राहिली ती बाजाराने भरली. १९५९ साली स्थापन झालेल्या ‘नवनीत’ची आणि इतरांची मार्गदर्शके घरोघर गेली. त्यांत काय होते? प्रत्येक धड्याखाली शब्दार्थ आणि मराठी भाषांतर! वर्गाच्या दारातून घालविलेले तर्खडकर मागच्या खिडकीतून परत आले होते.

येथे डहाणू तालुक्यातल्या एका टेकडीची आठवण होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आपले काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी साधने निर्माण केली ती बिया, पाने, शंख-शिंपले आणि माती यांतून. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवावी, हा त्यांचा विचार. त्यांच्यापुढचा विद्यार्थी कल्पित नव्हता. तो उघड्या अंगाने समोर बसलेला होता. सरावलीहून हे ठिकाण फार दूर नाही. पण ही दृष्टी माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या वर्गापर्यंत पोचली नाही. आमच्या परिसरातले नाव, झाड, मासा, यंत्र इंग्रजीच्या धड्यात क्वचितच आले.

२००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले. आता मराठी शाळेतल्या नववी-दहावीच्या इंग्रजी पुस्तकात संवाद आहेत, गटकार्य आहे, जाहिरात आणि मुलाखत लिहावयाची आहे, आणि मोबाइलने टिपावयाचा चौकोनी संकेतही आहे. पुस्तक देखणे झाले आहे, आणि तर्खडकरांच्या मानाने कितीतरी जिवंत. त्याचा विद्यार्थी बोलका आहे, त्याच्या घरी मोबाइल आहे आणि त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्ये बोलणारे कोणी आहे.

सरावलीच्या वर्गात मात्र एका बाकावर वारली बोलणारा, दुसऱ्यावर मांगेली वा वाडवळी घरातला, तिसऱ्यावर उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून आलेल्या कामगाराचा मुलगा. तर्खडकरांची पाठमाला आज पुन्हा वर्गात आणावी, असे म्हणण्याचा मोह मला होतो. ती अजून छापली जाते, विकली जाते. पण तिने गृहीत धरलेली ग्रंथिक मराठी तरी यांतल्या कितीजणांच्या घरात आहे? वारली मुलाला मराठी हीच आधी शिकावयाची भाषा. कामगाराच्या मुलाला ती शेजाऱ्याची भाषा. मातृभाषेचा पूल बांधावयाचा म्हटले तर एकाच वर्गात तीन-चार पूल बांधावे लागतील, आणि शिक्षक एकच.

या मुलांनी आपले साधन आपणच तयार केले आहे. ज्याने कोणी मराठी शाळेत इंग्रजीचे पुस्तक हाताळले असेल त्याला ते ठाऊक असेल. प्रत्येक इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, तिचा उच्चार देवनागरीत लिहिलेला असतो. मराठी मुलगा तो लिहितो, वारली मुलगी लिहिते आणि हिंदी घरातला मुलगाही, कारण लिपी तिघांची एकच. वर्गतपासणी असली की शिक्षक ती अक्षरे खोडावयास सांगतात. मुले खोडतात, आणि दुसऱ्या दिवशी फिक्या डागावर पुन्हा लिहितात. वर्षअखेरीस तेच पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाते, तेव्हा काही पानांवरची पेन्सिल खोडावयाची राहून गेलेली असते.