नुकसानभरपाई मागायची कुणी?



लोहाऱ्यात तुम्ही मला बोलावलंत. तत्त्वज्ञानाचा माणूस कामगार कायद्यावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण ‘हक्क म्हणजे काय’ हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि त्याचं उत्तर मला एका कायद्याच्या इतिहासात अधिक नीट सापडलं.

सुरुवात १८८४ पासून करू. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. दुसरी एक आपण विसरतो. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. योगायोग पाहा, त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला. आपल्याकडे मात्र कायदा यायला १९२३ उजाडलं, आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ ला. तोही ब्रिटिश हिंदुस्थानात. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

या कायद्याने विचारच बदलला. आधी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आता प्रश्न एवढाच उरला, की अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का? दोष कुणाचा, यापेक्षा जोखीम कुणाची, हे महत्त्वाचं ठरलं. भरपाई ही मालकाची दया राहिली नाही, ते देणं झालं.

पण देणं वसूल कोण करणार? याच कायद्याच्या कलम २४ मध्ये त्याचं उत्तर होतं. कामगाराने लेखी अधिकार दिला, तर आयुक्तांपुढे वकिलासारखाच नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही उभा राहू शकत होता. म्हणजे कायद्याने प्रतिनिधीसाठी खुर्ची ठेवली होती. तिच्यावर बसणारा तयार करायला हवा होता. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला. शिक्षण अधिकाऱ्यांनी कामगारांतूनच कामगार-शिक्षक घडवायचे आणि त्यांनी आपल्या कारखान्यात वर्ग घ्यायचे, अशी ती रचना.

आता आपल्याकडचं सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बांधकामावरून पडून गेले. तेराव्याच्या आत ठेकेदार घरी आला, थोडी रक्कम दिली, कागदावर आईचा अंगठा घेतला. घरच्यांना वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता! त्या कायद्यानुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. परस्पर दिलेली रक्कम फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ म्हणून धरली जाते. हक्क सोडल्याचा कागद कायद्याने रद्दबातल असतो. आणि ठेकेदाराने हात वर केले, तरी त्या कायद्याच्या कलम १२ नुसार मूळ मालकाकडे मागता येत होतं. हे कळलं तेव्हा दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटली होती. योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यासाठीही कुणीतरी अर्ज करावा लागतो. तो कुणीच केला नाही. मी प्राध्यापक होतो, पण मलाही ठाऊक नव्हतं. ही खंत आजही आहे.

म्हणून प्रतिनिधीला चार गोष्टी शिकवा. अपघाताच्या दिवशीच हजेरीची, पगाराची नोंद आणि दवाखान्याचे कागद जपायचे. मालकाला लेखी कळवायचं. मुदत मोजायची. आणि अपंगत्व नुसतं टक्क्यांत पाहायचं नाही, कमाई किती बुडाली ते पाहायचं. डावा हात गमावलेल्या एका सुताराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असं न्यायालयाने १९७५ साली मानलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, इतकी साधी गोष्ट. पण ती कुणीतरी मांडावी लागते.

आता १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. कलमांचे आकडे बदलले आहेत, ते नव्याने शिकावे लागतील. साखर कारखान्यासारखे हंगामी कारखाने राज्य कामगार विमा योजनेत येत नाहीत, म्हणून आपल्या भागाला या तरतुदींची गरज जास्त.

लोखंड्यांनी मागणी केली, पुढे कायदाही झाला. पण त्या माउलीच्या दारात ठेकेदाराच्या आधी पोचणारा माणूस आपल्याला तयार करता आला नाही. तो या सभागृहातून तयार व्हावा, एवढंच मागणं.