गाळातला पुरावा

स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात, ग्रॅनाइटच्या डोंगरांत, ‘राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड’ नावाचे छोटे तळे आहे. १८५० साली त्याचे पाणी किती आम्ल होते, याची लेखी नोंद असणे शक्यच नाही. आम्लता सांगणारी सामूची (पीएच) मोजपट्टी सोरेन्सन यांनी दिली ती १९०९ मध्ये. नोंद उरली आहे ती तळाच्या गाळात, डायटम या एकपेशीय शैवालांच्या कवचांची. ही कवचे सिलिकाची असल्याने कुजत नाहीत आणि त्यांवरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. कोणती जात किती आम्ल पाण्यात वाढते, याची वर्गवारी फ्रीडरिख हुस्टेट यांनी जावा, बाली, सुमात्रा इथल्या नमुन्यांवरून १९३७ ते १९३९ दरम्यान प्रसिद्ध केली. ती नसती तर हा गाळ मुकाच राहिला असता.

रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटरबी यांनी गाळाचा उभा गाभा काढून त्याचे पातळ थर कापले. थरातला सेंद्रिय भाग रसायनाने नाहीसा केला की कवचे उरतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायची. थराचे वय सांगते किरणोत्सारी शिसे-२१०, जे दर २२ वर्षांनी साधारण निम्मे होते. त्यांचा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १८५०च्या सुमारापर्यंत साडेपाचच्या आसपास असलेला सामू पुढे पाचाखाली उतरला होता. ब्रॅकिसिरा व्हिट्रिया ही डायटमची जात घटली, आम्ल पाणी मानवणारी टॅबेलारिया क्वाड्रिसेप्टाटा वाढली. सामू एकाने उतरला की आम्लता दसपट होते, हे लक्षात घेतले तर ही घसरण किरकोळ नव्हे.

दोष नव्या सूचिपर्णी लागवडीचा, असे काहींचे म्हणणे होते. पण राउंड लॉखभोवती लागवडच नव्हती. शेजारच्या लॉख ग्रॅनॉखभोवती होती, तरी तिथला बदल लागवडीच्या आधीचा निघाला. तेवढ्यावरून पाऊस आम्ल करणारा कारखान्यांचा गंधकयुक्त धूर दोषी ठरत नाही, नुसता काळ जुळतो. मला निर्णायक वाटतात ते दोन पुरावे नंतरचे. एक, गाळाच्या वरच्या थरांत सापडलेले कोळसा आणि तेल जळाल्यावर उडणारे कार्बनचे गोल कण. दुसरा, स्कॉटलंडच्या वायव्येकडची तळी: तिथेही आम्ल शोषून न घेणारा खडक, पण पाऊस पुष्कळ स्वच्छ, आणि डायटम जवळपास होते तसेच.

पुढे ब्रिटनमधले गंधकाचे उत्सर्जन घटले, राउंड लॉखचा सामूही काहीसा वर आला. डायटमही बदलू लागले, पण १८५०पूर्वीचा समूह जसाच्या तसा परतलेला नाही.