शंभर डॉलरची नळी

रात्री आणि ढगांत वैमानिक आंधळाच असतो, हे सिगर्ड व्हेरियन यांना अनुभवाने ठाऊक होते. पॅन अमेरिकन कंपनीसाठी ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत विमाने चालवत. रात्री येणारे बाँबफेकी विमान दिसणार कसे, हा त्यांना पडलेला प्रश्न. अतिशय आखूड रेडिओलहरी हे उत्तर होते, पण त्या जोमाने निर्माण करणारी नळी नव्हती.

१९३७ मध्ये ते आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ बंधू रसेल स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. करार पाहा : पगार नाही, साहित्यासाठी १०० डॉलर, आणि उत्पन्न झालेच तर विद्यापीठाचा निम्मा वाटा!

साध्या नळीत इलेक्ट्रॉन पलीकडे पोचेपर्यंत लहर उलटलेली असे. रसेल यांनी या उशिरालाच कामाला लावले. बसथांब्यावर अर्धा तास उभे राहावे आणि तीन बस एकदम याव्यात, हा आपला नेहमीचा अनुभव. पुढची रेंगाळते, मागची वेगाने येते. रसेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोतात हेच घडवले. विल्यम हॅन्सन यांनी बनवलेल्या तांब्याच्या पोकळीतून जाताना काहींचा वेग वाढे, काहींचा घटे. पुढे त्यांचे घोळके होत आणि दुसऱ्या पोकळीला आपली ऊर्जा देत. दुबळा संकेत जोरकस होऊन बाहेर पडे. ऑगस्ट १९३७ मध्ये नळी चालली. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसाठीच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव ठेवले क्लिस्ट्रॉन.

मला मात्र खरे धाडस युद्धानंतरचे वाटते. हॅन्सन यांना इलेक्ट्रॉनांचा प्रचंड त्वरक उभारायचा होता. त्याला मेगावॅटची स्पंदने हवीत. हाती होत्या फार तर किलोवॅटच्या नळ्या. एडवर्ड गिंझटन आणि मार्विन चोडोरोव यांनी एकदम हजारपट उडी घ्यायचे ठरवले. सुमारे चार लाख व्होल्टला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जातात. मग ढकलले तरी त्यांचा वेग फारसा बदलत नाही आणि घोळके जमणे अवघड होते. सारे गणित नव्याने मांडावे लागले. नळीने वीस मेगावॅटच्या आसपास मजल मारली. हॅन्सन मात्र मे १९४९ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने गेले. त्यांचा त्वरक तेव्हा अपुराच होता.

१९६६ मध्ये स्टॅनफर्डला तीन किलोमीटरहून लांब त्वरक सुरू झाला, तो २४५ क्लिस्ट्रॉनांच्या बळावर. त्याआधी, १९५६ मध्ये, याच तंत्रावरच्या एका लहान यंत्राने तिथे दोन वर्षांच्या मुलावर उपचार झाले. कर्करोगाने त्याचा एक डोळा गेला होता. दुसरा वाचला.