मांडीवरच्या श्रोत्यासाठी पुस्तक निवडताना

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला निघालेले आई-वडील दुकानात बहुधा दोनच ठिकाणी थांबतात. एक, मुळाक्षरांच्या रंगीत पुस्तकांपाशी आणि दुसरे, इंग्रजी नावे छापलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांपाशी. पहिल्यात अक्षरओळख होईल ही आशा असते, दुसऱ्यात इंग्रजी कानावर पडेल ही. आशा गैर नाहीत; पण तीन वर्षांपर्यंतचे मूल वाचत नसते. ते ऐकते, चित्रावर बोट ठेवते आणि बोलायला शिकते. त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे मोठ्या माणसाबरोबर बोलण्याचे निमित्त. त्यामुळे ज्या पुस्तकावरून घरच्या भाषेत भरपूर बोलता येते, ते चांगले, हा निवडीचा पहिला निकष मानायला हरकत नाही.

या निकषावर मुळाक्षरांचे पुस्तक फारसे टिकत नाही. त्यातील चित्र मुलाला काय आवडेल यावरून ठरलेले नसते, ते अक्षराने ठरवलेले असते. 'ऐ'साठी ऐरण आणि 'औ'साठी औत हवेच. मग ते मुलाने पाहिलेले असो वा नसो. अननसाशेजारी आई, तिच्याशेजारी इमारत. या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'हे काय?' 'अननस.' संवाद तिथेच संपतो. असे पुस्तक पाच वर्षांच्या मुलाच्या कामाचे आहे, तेव्हा ते जरूर घ्यावे. दोन वर्षांच्या मुलाला त्यातून मिळते ती केवळ तोंडी परीक्षा.

चित्र कसे असावे?

चित्र म्हणजे काय, हेही मुलाला शिकावे लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची मुले पुस्तकातील वस्तूचे चित्र चिमटीत पकडून उचलू पाहत असल्याचे आढळले. अमेरिकेतील मुलांनी ते केले, तसेच आयव्हरी कोस्टमधील, चित्रांची फारशी सवय नसलेल्या मुलांनीही केले. एकोणीस महिन्यांच्या सुमारास उचलण्याची जागा बोट दाखवण्याने घेतलेली असते. बाळ पान ओरबाडते, म्हणजे त्याला पुस्तकाची आवड नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच गटाच्या २००८ मधील दुसऱ्या अभ्यासात, पुस्तकात पाहिलेल्या वस्तूचे नाव खऱ्या वस्तूला लावणे सव्वा ते दीड वर्षाच्या मुलांना छायाचित्रांवरून आणि हुबेहूब चित्रांवरून अधिक चांगले जमले, व्यंगचित्रासारख्या चित्रांवरून कमी. तात्पर्य, पहिल्या पुस्तकात वाटी-चमचा, चप्पल, बादली, मांजर, कावळा अशा रोजच्या गोष्टी ओळखू येतील अशा काढलेल्या असाव्यात. पानावर एक किंवा दोन आकृती आणि मागे मोकळी जागा. दोन वर्षांनंतर मात्र गर्दीचे चित्र हवेहवेसे वाटू लागते. बाजार, बसथांबा किंवा लग्नघर अशा चित्रात मूल रोज काही नवे शोधते. गुलाबी हत्ती आणि टोपी घातलेला ससा यांनाही तेव्हा खुशाल येऊ द्यावे.

उघडताच उभी राहणारी, झडपा आणि ओढण्याच्या पट्ट्या असलेली पुस्तके महाग असतात आणि भेट म्हणून शोभतात. मुलांना ती आवडतात, यात शंका नाही. पण २०१० मधील एका अभ्यासात दीड ते तीन वर्षांच्या मुलांनी अशा पुस्तकांतून साध्या पुस्तकांपेक्षा कमी ग्रहण केले. लक्ष सारे पट्टी ओढण्यात. अशी पुस्तके खेळणी म्हणून घ्यावीत.

दुकानातच वाचून पाहा

मराठी पुस्तकाची खरी कसोटी कानाची आहे. दुकानात उभे राहून दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. लोक पाहतील, पाहू द्यावेत. जीभ अडखळली, वाक्य आपल्या घरात कोणी बोलणार नाही असे निघाले, तर चित्रे कितीही देखणी असोत, ते पुस्तक घरी कपाटातच राहील. अनुवादित पुस्तकांत हा दोष विशेष आढळतो. 'ससा खूप आनंदी होता' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी ससा आनंदाने टुणकन उडी मारतो. धपकन, भुर्रकन, गुडूप, चटचट हे शब्द मराठीचे मोठे धन आहे आणि बोबड्या वयात ते सर्वांत आधी जिभेवर येतात. ज्या पुस्तकात ते नाहीत, त्यात लिहिणाऱ्याने मूल समोर धरलेले नाही असे समजावे.

नातेशब्दांवरूनही अनुवादाचा कस कळतो. मूळ इंग्रजीतला 'अंकल' मराठीत येताना काका, मामा किंवा आत्याचे यजमान यांपैकी कोणीतरी व्हावा लागतो. चांगला अनुवादक तो निर्णय घेतो. आळशी अनुवादक 'अंकल' तसाच ठेवतो.

मुळात मराठीतच सुचलेली आणि रेखाटलेली पुस्तके कमी असली, तरी आहेत. माधुरी पुरंदरे लेखिकाही आहेत आणि चित्रकारही. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकमेकांची पुनरुक्ती करत नाहीत. 'राधाचं घर'मधील छोट्या मुलीच्या घरातली माणसे मराठी मुलाला आपल्याच घरातली वाटावीत अशी आहेत. यशच्या गोष्टी थोड्या मोठ्या वयासाठी. ही पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाची. पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतील मराठी पुस्तके बेताच्या किमतीत मिळतात. कागद पातळ असतो, पण चित्रांत भारतीय गाव, शेत आणि झाडे आहेत. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने अनेक भारतीय भाषांबरोबर मराठीतही चित्रपुस्तके काढली आहेत.

बेंगळुरूच्या प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथील मराठी गोष्टी विनामूल्य वाचता आणि उतरवून घेता येतात, त्यामुळे परदेशातील मराठी कुटुंबांची मोठी सोय झाली आहे. मात्र तेथे कोणालाही अनुवाद करता येत असल्याने भाषेचा दर्जा कमीजास्त असतो. कानाची कसोटी इथेही लावावी, आणि पसंत पडलेली गोष्ट शक्यतो कागदावर छापून घ्यावी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात पडद्यावरचे पुस्तक वाचताना आई-वडील आणि मूल यांच्यातील बोलणे कागदी पुस्तकाच्या तुलनेत कमी झाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांनाही पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी तो वेळ तासाभरापेक्षा अधिक नसावा.

अक्षर न येणाऱ्या आजीचे पुस्तक

ज्या घरात मूल दिवसभर आजीजवळ असते आणि आजीला वाचता येत नाही, तेथे पुस्तकाचा विषय अनेकदा संध्याकाळी आई-वडील परतेपर्यंत बंद राहतो. ही मोठी हानी आहे, कारण गोष्टींचा साठा आजीकडेच असतो. अशा घराने शब्द नसलेले किंवा अगदी मोजके शब्द असलेले पुस्तक मुद्दाम घ्यावे. चित्रातली म्हैस पाहून आजी आपल्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगेल, ती अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत सांगेल, आणि मुलाच्या कानावर पुस्तकात न छापलेले शंभर शब्द पडतील. वाचता येणाऱ्यांनीही छापील वाक्य शब्दशः वाचण्याचे बंधन मानू नये. घरात जे बोलतात त्यात ते फिरवून घ्यावे. प्रमाण भाषेसाठी शाळेची पुष्कळ वर्षे पुढे आहेत.

प्रश्न मात्र बेताने विचारावेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ मधील प्रयोगात काही पालकांना मोकळे प्रश्न विचारण्यास आणि मुलाच्या तोडक्या उत्तरात भर घालण्यास शिकवण्यात आले. मूल 'भूभू' म्हणाले, तर 'हो, भूभू धावतोय, त्याला भूक लागलीय' असे म्हणायचे. महिनाभरात ही दोन-अडीच वर्षांची मुले बोलण्यात, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली होती. या पद्धतीला पैसा लागत नाही.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मुलाला नवे पुस्तक देऊन वळवण्याची घाईही नको. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०११ मधील प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांनी वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन्हा ऐकून नवे शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. वाचणारा कंटाळतो, हे खरेच. म्हणून पुस्तक निवडताना ते आपल्यालाही विसाव्यांदा वाचवेल का, एवढे पाहावे.

बाकी बाबी किरकोळ, पण दुर्लक्ष करू नये अशा. वर्षाच्या आतील बाळ पुस्तक तोंडात घालणारच, तेव्हा पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे, गोल कोपऱ्यांचे पुस्तक घ्यावे. तारेच्या पिना मारलेली पुस्तके घरी आणताच पिना काढून दोऱ्याने शिवून घ्यावीत. घरात एका वेळी पाच-सहा पुस्तके पुरेत. ती मुलाचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत. पान फाटले तर मुलासमोरच चिकटपट्टी लावून ते जोडावे.